वसईहून मागवलेला नाताळच्या फराळाचा डबा, काय आवडलं, काय नाही आणि कोणाला काय द्यावं

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच वसईहून मेसेज यायला लागतात, नाताळच्या ऑर्डरी घेतोय, किती डबे हवेत ते लवकर सांगा. मागच्या वर्षी म्हणजे २०२४ च्या नाताळात मी आयुष्यात पहिल्यांदा हा फराळ विकत घेतला, सात डबे, आणि ते घरी, शेजारी, ऑफिसमध्ये, नातेवाईकांत वाटले. तेव्हापासून तीन-चार जणींनी विचारलं की कसा होता गं, आम्हालाही मागवायचाय, कोणाला द्यायला बरा पडेल का. प्रत्येकीला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितेय. मोठं झालंय, पण ज्यांना खरंच मागवायचाय त्यांना उपयोग होईल.

आधी हे सांगते की हे दुकान नाही. वसईत एका वाडीतल्या सात-आठ बायका मिळून करतात, फक्त नोव्हेंबर-डिसेंबर, बाकीचं वर्षभर त्यांचं केळी, फुलं, भाजी हेच चालू असतं. नाव-नंबर इथे टाकत नाही कारण त्या ओळखीतल्याच ऑर्डरी घेतात आणि झेपेल तेवढंच करतात, जास्त लोक मागे लागले तर त्यांनाच त्रास. पण तुमचं कोणी वसईत असेल तर विचारून बघा, गास, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल, पापडी, कुठेही चर्चच्या आसपास चौकशी केली की नाताळचं करून देणारी एखादी काकी सापडते.

मी मूळची वसईची, लग्न होऊन पुण्याला आले. आमच्या घरी नाताळची सुरुवात २४ तारखेला नाही व्हायची, कुलकुलांच्या रात्री व्हायची, कुलकुलं म्हणजे फणीवर वळून तळलेला गोड खाऊ. डिसेंबरच्या मध्यावर कधीतरी एक संध्याकाळ ठरायची, आई मैदा, थोडा रवा, अंडं, नारळाचं घट्ट दूध आणि गरम तूप घालून पीठ मळून ओल्या फडक्याखाली ठेवायची, आणि जेवणं लवकर उरकून सगळे खाली चटईवर गोल करून बसायचे, काका-काकू, चुलत भावंडं, शेजारची दोन-तीन मुलं. प्रत्येकाच्या हातात एक काटा नाहीतर फणी, आणि ही फणी फक्त कुलकुलांची, वर्षभर कपाटात कागदात गुंडाळून ठेवलेली, केसांना कधीच लागायची नाही. सुपारीएवढी गोळी घ्यायची, फणीवर दाबून पसरायची आणि अंगठ्याने अलगद गुंडाळत आणायची, की शिंपल्यासारखी रेघारेघांची वळी तयार. लहान मुलांची वाकडी व्हायची, जाड व्हायची, ती पण तळली जायची, फेकायची नाहीत असा आजीचा नियम होता. मधेच कोणीतरी नाताळगीत सुरू करायचं आणि मग हात चालू, गाणं चालू, रात्रीचे बारा कधी वाजायचे कळायचं नाही.

आता आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, संधिवातामुळे बोटं वळत नाहीत. २०२३ ला तिने हट्टाने केली, नंतर आठवडाभर हात शेकत बसली. म्हणून मागच्या वर्षी मी तिला पुण्यालाच आणलं आणि फराळ मागवला. तिला ते पटलं नव्हतं, विकतचं काय वाटायचं लोकांना, असं दोनदा म्हणाली. त्यामुळे खाली जे काही लिहितेय ते निम्मं माझं आणि निम्मं आईचं मत आहे, आणि तिची जीभ याबाबतीत माझ्यापेक्षा खूप पक्की आहे.

डबा एक किलोचा, ९०० रुपये. त्यात कुलकुलं, नेवऱ्या, पेराद, मिल्क क्रीम, डेट रोल, रोज कुकीज आणि रवा-नारळाच्या केकचे चार तुकडे. प्लम केक वेगळा घ्यावा लागतो, अर्धा किलो ४५० रुपये. पुठ्ठ्याचा साधा पांढरा खोका, वर लाल रिबीन, आत प्रत्येक पदार्थ बटर पेपरच्या वेगळ्या पुडीत. दिसायला मॉलमधल्या हॅम्परसारखं चकचकीत नाही, पण त्या हॅम्परमध्ये निम्मा तर रंगीत कागदाचा भुसाच असतो आणि इथे खोका उचलला की हाताला वजन लागतं.

कुलकुलं सगळ्यात आधी बघितली. आईने एक उचललं, उजेडात धरलं, रेघा बघितल्या आणि म्हणाली फणीवरची आहेत, साच्यातली नाहीत. मग दाताखाली धरलं आणि कर्रकन आवाज आला. कुलकुल आतून पोकळ आणि कुरकुरीत हवं, मधे कच्चं राहिलं तर दाताला चिकटतं, आणि तूप जास्त झालं तर तळताना उलगडतं, यातलं काहीच झालेलं नव्हतं. एकच तक्रार, साखरेचा पाक फार जाड बसलेला. आमच्याकडे पाक पातळ, नुसता पांढरा धुरळा दिसेल एवढा, यांचा वर खडबडीत थर होता आणि नारळाच्या दुधाची चव त्याखाली दबली. मी त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या बिनपाकाची पण करून देतो, आधी सांगायचं फक्त. तर तुम्ही मागवाल तेव्हा हे नक्की सांगा.

नेवरी म्हणजे आपली करंजीच, ओलं खोबरं परतून, रवा, काजू, बेदाणे, वेलची. वसईत पोर्तुगीज १५३४ पासून १७३९ पर्यंत होते, चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत, एवढ्या काळात अंडी, मैदा, ओव्हनमध्ये भाजायची पद्धत हे सगळं आमच्या नाताळच्या ताटात आलं, पण करंजी काही हलली नाही तिथून, आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं. ताटात एका बाजूला केक आणि त्याला लागून नेवरी, हेच आमचं घर आहे. डब्यातल्या नेवऱ्या उत्तम होत्या, सारण गच्च, कडा हाताने मुरडलेल्या. फक्त ओल्या खोबऱ्याच्या असल्यामुळे पाच-सहा दिवसांत संपवायला हव्यात आणि हे डब्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं, माझ्या नणंदेकडे आठव्या दिवशी दोन नेवऱ्यांना वास आला आणि टाकाव्या लागल्या.

आता पेराद. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही पेरूची वडी, इंग्रजी शाळेतली मुलं गवा चीज म्हणतात पण चीजचा काही संबंध नाही. थंडीत पेरू भरपूर येतात तेव्हाच करतात. पिकलेले पेरू उकडायचे, चाळणीतून घासून गर काढायचा म्हणजे बिया वर राहतात, त्यात जवळजवळ गराएवढीच साखर घालून जाड बुडाच्या भांड्यात ढवळत बसायचं, शेवटी लोणी आणि लिंबाचा रस. कडेने सुटायला लागलं की थेंबभर ताटलीत टाकून बघतात, हाताला चिकटला नाही तर झालं. ढवळताना उकळते थेंब हातावर उडतात, आईच्या मनगटावर अजून एक डाग आहे त्याचा. या बायकांची पेराद मला सगळ्या डब्यात जास्त आवडली, मऊ पण चिवट नाही, पेरूचा वास पूर्ण टिकलेला, आणि लाल रंग अगदी बेताचा, बाजारातल्यासारखी भडक लिपस्टिक नाही. आईने पहिला तुकडा खाल्ला आणि काही बोललीच नाही, दुसरा घेतला. मग म्हणाली ही नीट उभं राहून केलीय. तिच्याकडून एवढं ऐकायला आम्हा मुलींना वर्षं लागली आहेत.

मिल्क क्रीम ठीक. दूध, साखर, काजूची पूड आटवून छोट्या फुलाच्या साच्यात दाबतात, मुलांना रंग आवडतात, मला ती फार गोड वाटली. डेट रोल चांगला होता. रवा-नारळाचा केक छान रवाळ, चहाबरोबर.

रोज कुकीजचं मात्र वाईट झालं. ही फुलं लोखंडी साच्यावर करतात, साचा आधी तेलात तापवायचा, मग मैदा, तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि अंडं यांच्या पातळ पिठात पाऊण बुडवायचा, पूर्ण नाही, कारण पीठ साच्याच्या वरच्या कडेवर चढलं की फूल सुटतच नाही. परत तेलात धरला की फूल आपोआप सुटून तरंगतं. इतकं नाजूक असतं की बोटाने दाबलं तरी तुटतं. सात डब्यांपैकी चार माझा भाऊ येताना गाडीने घेऊन आला, मांडीवर ठेवून, त्यातली बहुतेक फुलं धड होती. तीन मी कुरिअरने मागवले, त्यातल्या दोन डब्यांत फुलांचा अक्षरशः चुरा, आणि एका डब्यात प्लम केकचा कोपरा दबून त्याचा तेलकट डाग रिबिनीपर्यंत आलेला. कुरिअरवाल्यांनी वर नाजूक वस्तू लिहिलेलं असूनही खोका उलटा ठेवला होता. तक्रार केली, दोन दिवस फोन केले, काही झालं नाही. यात बायकांची चूक फारशी नाही, तरी फुलांभोवती मुरमुरे किंवा कागदाचे बोळे भरले असते तर थोडं वाचलं असतं असं मी त्यांना सांगितलंय.

प्लम केकबद्दल बरंच बोलण्यासारखं आहे. पहिली गोष्ट, त्यात प्लम नसतं. जुन्या इंग्रजीत बेदाण्या-मनुकांनाच प्लम म्हणत, तेच नाव चिकटलं. बेदाणे, काळ्या मनुका, खजूर, संत्र्याची साल, टूटीफ्रूटी हे सगळं बारीक चिरून रममध्ये भिजवतात आणि जितकं आधी भिजवाल तितकं चांगलं, या बायका गणपती झाले की बरण्या भरतात. केकचा काळपट रंग कोकोचा नसतो, साखर जाळून केलेल्या कॅरॅमलचा असतो, आणि हाच भाग अवघड, साखर जराशी कमी जळली तर रंग येत नाही आणि क्षणभर जास्त झाली तर केक कडू. यांचा केक बरोब्बर त्या मधल्या जागेवर होता, किंचित कडसर, जड, ओलसर, फळं तळाशी बसलेली नाहीत, कापल्यावर चुरा नाही. २५ ला आणलेला केक आम्ही ६ जानेवारीपर्यंत पातळ कापे काढून खाल्ला आणि शेवटचा कापा पहिल्यापेक्षा चांगला लागला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला डबे वाटताना कळलं. डब्यावर कशात अंडं आहे आणि कशात रम आहे हे लिहिलेलंच नव्हतं. वसईत आपापसात वाटताना याची गरज पडत नाही, पण पुण्यात आमच्या सोसायटीत निम्म्या घरांत अंडं चालत नाही, आणि त्यात गेल्या वर्षी नाताळ आला मार्गशीर्षात. २५ बुधवारी आणि २६ ला मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, म्हणजे उद्यापन. आमच्या समोरच्या काकू महालक्ष्मीचं व्रत करतात, महिनाभर त्यांच्याकडे मांसाहार, अंडं काही नाही. मी डबा घेऊन त्यांच्या दारात उभी आणि माझ्याच लक्षात आलं की मला यातल्या कशाचीच खात्री देता येत नाहीये. तिथूनच वसईला फोन लावला, काकू आणि मी दोघी स्पीकरवर, आणि पलीकडून त्या बाई एकेक सांगतायत, नेवरी बिनअंड्याची, पेराद बिनअंड्याची, डेट रोल पण चालेल, मिल्क क्रीममध्ये फक्त दूध आणि काजू, कुलकुलं आणि फुलं मात्र नको, केक तर अजिबात नको. मग काकूंनी स्वतःच ताट आणलं आणि चालणारे पदार्थ आम्ही दोघींनी मिळून त्यात काढले. उद्यापन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तेच ताट परत आलं, पुरणपोळ्या, केळं आणि हळदीकुंकवाची पुडी, आणि काकू आईला म्हणाल्या, वहिनी, तुमची पेराद देवीपुढे ठेवली होती काल. आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

हे ताटाचं जाणं-येणं हीच आमची मूळ रीत आहे. गोव्यात त्याला कोन्सुआद म्हणतात, मंगळूरकडे कुस्वार, आमच्याकडे सरळ नाताळचा फराळ. मोठं ताट, त्यात सगळे पदार्थ रचलेले, वर आजीने विणलेला क्रोशाचा रुमाल, आणि आम्ही मुलं ते घेऊन घरोघरी. हिंदू शेजाऱ्यांकडे दिवाळीला आमच्याकडे आलेल्या ताटाची परतफेड, ताट रिकामं परत पाठवायचं नाही, निदान चार साखरेचे दाणे तरी टाकायचे. म्हणून गिफ्ट द्यायचं तर ताटात भागेल अशी वस्तू द्यावी असं मला वाटतं, एकट्याने कपाटात ठेवायची नाही. यंदा एक सोय आहे, २०२५ मध्ये मार्गशीर्ष २० डिसेंबरपर्यंतच संपतोय, शेवटचा गुरुवार १८ ला, त्यामुळे व्रताची अडचण नाही, पण अंडं न खाणाऱ्यांची यादी तरीही करून ठेवा. त्या बायकांनी आता बिनअंड्याचा डबा वेगळा सुरू केलाय, ८५० रुपये, त्यात फुलं आणि कुलकुलं नाहीत आणि पेराद जास्त. केकही रमऐवजी संत्र्याच्या रसात भिजवलेल्या फळांचा करून देतात, पण त्यात अंडं असतंच, हे विसरू नका.

फराळाशिवाय वसईहून आणखी काय मागवता येईल ते पण सांगते, कारण त्याच बायकांकडून मी दोन-तीन गोष्टी घेतल्या. सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवतात, रोज बाहेर काढायची, रोज आत घ्यायची, तपकिरी आणि मधासारखी चिकट झाली की केळीच्याच वाळलेल्या सोपटात घट्ट बांधतात. साखर नाही, रंग नाही, काहीच नाही घातलेलं. हे काम आता फार थोडी घरं करतात कारण मेहनत खूप आणि राजेळीची लागवडही कमी झालीय. माझ्या सासऱ्यांना मधल्या वेळेला काहीतरी गोड लागतं, त्यांना सुकेळीची एक जुडी दिली आणि त्यांनी ती उशाशी ठेवली, रोज एक तुकडा. म्हाताऱ्या माणसांना द्यायला याहून चांगलं मला काही सुचत नाही, दाताला मऊ आणि पुडी सोडायचाही आनंद. महाग वाटेल, पण घ्या.

दुसरं, बॉटल मसाला. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक घरांत उन्हाळ्यात करतात, पावसाच्या आधी, मिरच्या, धणे, हळद आणि मग पंचवीसेक प्रकार, त्यात गहू आणि चणेसुद्धा भाजून घालतात, कुटून झाला की बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरतात, त्यावरूनच नाव पडलं. नवीन संसार मांडलेल्यांना द्यायला एक नंबर, माझ्या भाच्याला दिला, तो आणि त्याची बायको दोघंही मटणापासून वांग्यापर्यंत सगळ्यात घालतात. बरोबर एक कागद द्या, एका भाजीला किती चमचे, नाहीतर पहिल्याच दिवशी तिखटाने डोळ्यांत पाणी.

आणि तिसरी गोष्ट विकतची नाही, पण मला सगळ्यात जवळची. माझी एक धर्मकन्या आहे, आठ वर्षांची. तिच्या बाप्तिस्म्याच्या वर्षी मी तिला गोठ्यातल्या तीनच मूर्ती दिल्या, बाळ येशू, मारिया, योसेफ. पुढच्या वर्षी मेंढपाळ, मग मेंढी, बैल, गाढव, दरवर्षी एक. तिला आता नाताळच्या आधी महिनाभर उत्सुकता असते की यंदा कोण येणार. मागच्या वर्षी बाळाला भेटायला येणाऱ्या तीन राजांपैकी पहिला आला, यंदा दुसरा येईल. संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावात १२२३ साली खऱ्या बैल-गाढवांसकट पहिल्यांदा गोठा मांडला, म्हणजे आठशे वर्षं होऊन गेली त्याला, आणि आमच्या वसईत तो भाताच्या पेंढ्याचा होतो, कारण डिसेंबरात पेंढा घरात असतोच. आठ-दहा दिवस आधी वाट्यांत नाचणी पेरायची, नवरात्रात घटाला पेरतात तशीच, २४ पर्यंत हिरवंगार रान तयार. बाळाची मूर्ती मात्र मध्यरात्रीच्या मिस्सेनंतरच, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतरच ठेवायची, तोवर गव्हाणी रिकामी, आणि तीन राजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत. ते रोज थोडे थोडे पुढे सरकवायचे म्हणजे ६ जानेवारीला तीन राजांच्या सणाला गोठ्यापाशी पोचतात. माझी धर्मकन्या रोज सकाळी शाळेत जायच्या आधी राजाला एक वीत पुढे नेते, तिची आई सांगते कधी चुकत नाही. मातीच्या मूर्ती घ्या, प्लास्टिकच्या नको, रंग उडाला तर मुलं स्वतः देतात.

आमच्या घरात मोठ्यांसाठी गिफ्टची वेगळी पद्धत आहे, ती पण सांगून ठेवते कारण खर्चाचा प्रश्न सुटतो. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकतो, ज्याला जे नाव येईल त्याच्यासाठी चार आठवडे गुपचूप प्रार्थना करायची, काहीतरी मदत करायची, आणि नाताळच्या जेवणानंतर एकच भेट द्यायची, ३०० रुपयांच्या आत. भांडी घासून ठेवणं, चप्पल शिवून आणणं, हेही चालतं त्या चार आठवड्यांत. मागच्या वर्षी माझं नाव वहिनीला आलं होतं, तिने आईच्या कुलकुलांची कृती आईला विचारून विचारून, स्वतःच्या अक्षरात एका वहीत उतरवून दिली, वाटी-चमच्याच्या मापात, मधे मधे आईचे शब्द तसेच ठेवून, पीठ कानाच्या पाळीएवढं मऊ हवं वगैरे. वहीला चाळीस रुपये लागले असतील.

मार्क द्यायचे तर पदार्थांना पाचपैकी साडेचार, पॅकिंगला तीन, डब्यावरच्या माहितीला मागच्या वर्षी एक, यंदा चिठ्ठी चिकटवून देणार म्हणाल्यात, बघू. घेणार असाल तर नोव्हेंबर संपायच्या आत सांगा, पैसे निम्मे आधी द्या कारण काजू-बेदाण्याचा खर्च त्यांना आधी करावा लागतो, आणि शक्य असेल तर येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाच्या हाती मागवा. डबा हातात आला की नेवऱ्या आधी, फुलं त्यानंतर, पेराद आणि केक शेवटी, असा खायचा क्रम ठेवा.

मी यंदा आठ डबे सांगितलेत, तीन बिनअंड्याचे, दोन सुकेळीच्या जुड्या, आणि पेराद वेगळी एक किलो. कुलकुलं बिनपाकाची. रोज कुकीज डब्यातून काढायला सांगितल्यात, त्याऐवजी डेट रोल भरा म्हटलं. फुलांचा लोखंडी साचा आईने वसईच्या घरून पिशवीत घालून आणलाय, तेल लावून ठेवलाय, आणि समोरच्या काकूंच्या नातीने आत्ताच विचारून ठेवलंय की तळायच्या दिवशी मी पण येऊ का.